घराचे खरेदीखत आणि त्याचा खर्च

'लग्न पाहावे करून, घर पाहावे बांधून' ही म्हण आपल्या वाडवडिलांनी अनुभवाने बनविली. शहरांत आता घर बांधणारे थोडे आणि बांधलेले घर विकत घेणारे पुष्कळ; तेव्हा 'खरेदीखत पाहावे करून' अशी तीत भर घातल्यास ती अस्थानी ठरू नये. घराच्या किमतीची बेरीज-वजाबाकी प्रत्येक कुटुंब महिनोन्‌महिने करीत असते. परंतु ते घर कायद्याने आपले व्हावे म्हणून येणारा खर्च अनेकांच्या हिशेबात अगदी शेवटी येतो. मग तो टाळण्याची बुद्धी होते आणि जन्मभराची पुंजी धोक्यात पडते. म्हणून या खर्चाची फोड प्रस्तुत लेखात करून पाहण्याचे आम्ही योजिले आहे. उदाहरणादाखल आपले बडोदे शहरच घेऊ.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये अथवा त्याहून अधिक किमतीच्या घराची विक्री नोंदणी केलेल्या दस्तानेच होऊ शकते. पैसे दिले, पावती घेतली, किल्ली हाती आली, एवढ्याने मालकी येत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सादर करावा लागतो. ज्या दस्ताची नोंदणी आवश्यक असूनही झालेली नाही, तो न्यायालयात मालकीचा पुरावा म्हणून उभा राहत नाही.

या नोंदणीपूर्वी भरावयाचा मोठा कर म्हणजे मुद्रांक शुल्क. त्याचा कायदा द्वैभाषिक मुंबई राज्यात १९५८ साली झाला. १९६० मध्ये महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये वेगळी झाली, तरी दोघांनीही तोच कायदा आपापल्या दुरुस्त्यांसह पुढे चालविला. दर मात्र प्रत्येक राज्याचे निराळे आहेत.

आता प्रत्यक्ष गणित करू. समजा, एका कुटुंबाने बडोद्यात ४० लाख रुपयांस घर घेण्याचे ठरविले. गुजरातमध्ये मूळ मुद्रांक शुल्क शेकडा साडेतीन. म्हणजे १,४०,००० रुपये. या शुल्कावर शेकडा ४० अधिभार. म्हणजे ५६,००० रुपये. दोहोंची बेरीज १,९६,००० रुपये, अर्थात किमतीच्या शेकडा ४.९ होते. त्याखेरीज नोंदणी फी शेकडा एक, म्हणजे ४०,००० रुपये. एकूण २,३६,००० रुपये झाले. निराळा करार नसेल तर मुद्रांक शुल्काचा भार खरेदीदारावर असतो.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, शुल्क केवळ दस्तात लिहिलेल्या किमतीवर ठरत नाही. सरकार प्रत्येक भागाचे दर 'जंत्री'त प्रसिद्ध करते; जंत्रीप्रमाणे येणारी किंमत आणि ठरलेली किंमत यांपैकी जी अधिक, तिच्यावर आकारणी होते. १५ एप्रिल २०२३ पासून गुजरातेत जमिनीचे जंत्रीदर दुप्पट झाले, तेव्हा जुन्या अंदाजावर विसंबून चालत नाही. दुसरी, खरेदीदार स्त्री असल्यास गुजरातेत नोंदणी फी माफ आहे. वरील उदाहरणात घर आईच्या एकटीच्या नावे घेतले तर ४०,००० रुपये वाचतात. अर्थात नाव तिचे म्हणजे मालकीही तिचीच, हे सर्वांनी मनापासून मान्य केलेले असावे.

याशिवाय लहान खर्च असतात. वकिलाकडून मागील सुमारे तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध घ्यावा. घरावर कर्जाचा बोजा किंवा वारसाचा हक्क आहे काय, ते त्यात कळते. दस्त लिहिण्याची मजुरी, नकलांची फी, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क, मिळकत पत्रिकेवर व पालिकेच्या करबिलावर नाव चढविण्याचा खर्च हेही धरावेत. मात्र करबिलावर नाव चढले म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे समजू नये. ती नोंद कर वसुलीच्या सोयीसाठी असते. मालकीचा आधार खरेदीखतच होय.

आता हा खर्च चुकविण्याच्या वाटा पाहू. काहीजण दस्तात किंमत कमी लिहून उरलेली रक्कम रोख देतात. पुढे व्यवहार फिसकटला तर त्या रोख रकमेचा पुरावा कोणता? शिवाय तेच घर विकताना खरेदीची किंमत कागदावर कमी असल्याने नफा फुगलेला दिसतो आणि त्यावरील कर वाढतो. दुसरे काहीजण खरेदीखताऐवजी केवळ मुखत्यारपत्रावर घर घेतात. अशा व्यवहाराने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली 'सूरज लॅम्प' खटल्यात स्पष्ट केले. मुखत्यारपत्र लिहून देणारा निवर्तला की ते सामान्यतः संपुष्टात येते; मग घेणाऱ्याच्या मुलाबाळांना विक्रेत्याच्या वारसांच्या दारात उभे राहावे लागते. दोन लाख वाचविण्याच्या नादात चाळीस लाखांचे छप्पर डळमळीत होते, ते असे.

हे दर कायमचे नसतात, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात नोंदणी फी शेकडा एक असली तरी तिची मर्यादा ३०,००० रुपये आहे. कर्नाटकात, म्हणजे आपल्या बेळगावच्या बांधवांकडे, ती ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस शेकडा एकावरून दोन झाली. म्हणून इसार देण्यापूर्वी निबंधक कचेरीतून चालू दर विचारून घ्यावेत, आणि बडोद्यापुरते बोलावयाचे तर घराच्या किमतीत शेकडा सहा ते सात मिळवून मगच आपली ऐपत ठरवावी.

विद्यार्थिमित्रहो, शेकडेवारीचे हे गणित आपण सातवी-आठवीतच शिकतो. घरात उद्या असा प्रसंग आला, तर वडीलधाऱ्यांशेजारी कागद-पेन्सिल घेऊन बसावे, प्रत्येक रकमेची पावती मागावी आणि दस्तातील प्रत्येक ओळ सही होण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवावी. भिंती घराला उभे ठेवतात. परंतु ते घर आपले ठेवतो तो कागदच.