पगारवाढ कशी मागू?

प्रश्न : नाशिकच्या एका छोट्या कारखान्यात मी चार वर्षं अकाउंट्स सांभाळते. सहकारी सोडून गेला, तशी दरमहाची जीएसटी विवरणपत्रंही माझ्याकडे आली. पगार मात्र एकदाच वाढला. मालक म्हणतात, "तू घरचीच आहेस." माझ्या कामाची किंमतच नाही का?

उत्तर : ताई, तुमचं दुखणं खरं आहे. दोघांचं काम एकाच्या पगारात करून घेणं याला आपलेपणा म्हणत नाहीत. पण नुसतं "वाईट वाटतं" म्हणालात, तर मालक चहा मागवून समजूत काढतील. कागद घेऊन जा. 11 तारखेचं जीएसटीआर-1, 20 तारखेचं 3बी, टीडीएस, पगारपत्रकं. रुजू होताना यातलं काय होतं आणि नंतर काय वाढलं, हे एका पानावर मांडा. बाहेर या कामाला काय पगार मिळतो याची दोन-तीन ठिकाणी चौकशी करा, आकडा ठरवा आणि तो स्पष्ट बोला. घरखर्च, मुलांची फी मध्ये आणू नका. वाढ कामाची मागायची आहे.

हे फेब्रुवारीत करा, मार्चअखेरच्या धांदलीत नको. "बघू" म्हणाले, तर कधीपर्यंत, हे तिथेच विचारा.

नकार मिळाला तरी तडकाफडकी राजीनामा देऊ नका. कारखान्यात 10 किंवा अधिक माणसं असतील, तर सलग 5 वर्षांनंतर कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, आणि तुमची चार भरली आहेत. दुसरीकडे अर्ज मात्र आजपासूनच करा.