फोटो अर्धाच का दिसतो?

संगणकावर हजारो फोटो नीट लावून ठेवण्यासाठी सूची करणारी आज्ञावली वापरतात. सूचीतील लहान चित्रे स्वच्छ दिसतात. पण एखादा फोटो उघडावा, तर वरचा भाग ठीक, मधूनच चित्र बाजूला सरकलेले, रंग बदललेला आणि खाली नुसता करडा पट्टा! असे का व्हावे?

प्रथम सूची म्हणजे काय ते पाहू. ग्रंथालयाच्या सूचीत पुस्तके नसतात. पुस्तक कोणत्या कपाटात आहे याची नोंद असते. फोटोंच्या सूचीतही बहुधा फाईलचा पत्ता आणि एक लहान चित्र एवढेच असते. मूळ फाईल नंतर बिघडली, तरी हे लहान चित्र तसेच राहू शकते. म्हणून ते चांगले दिसते एवढ्यावरून मूळ फोटो शाबूत आहे असे समजू नये.

आता बिघाडाकडे वळू. जेपेग पद्धतीचे मानक १९९२ साली ठरले. तीत चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडतात. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेले कोसाइन रूपांतर वापरून डोळ्यांना न जाणवणारा तपशील गाळतात. उरलेल्या संख्या संकेतांत लिहितात. वारंवार येणाऱ्या संख्येला आखूड संकेत, क्वचित येणारीला लांब.

समजा, अ = ०, ब = १०, क = ११. मग ‘बअकअब’ म्हणजे १००११०१०. यातील पहिला अंक चुकून ० झाला, तर ०००११०१० म्हणजे ‘अअअकअब’! शेवटची अक्षरे बरोबर आली, पण पाचाची सहा झाली आणि ती एक घर पुढे ढकलली गेली. चित्र सरकते ते असे.

रंगाचे काय? प्रत्येक चौकोनाची सरासरी छटा आधीच्या चौकोनापासूनचा फरक म्हणून लिहितात. वहीतील एक बेरीज चुकली की पुढची प्रत्येक शिल्लक चुकते, तसेच हे. आणि नक्कल पुरी होण्याआधीच कार्ड काढले, तर खालच्या भागाचे अंकच नसतात. तेथे करडा पट्टा दिसतो.

अशी फाईल आढळल्यास काय करावे?

१. ती पुसू नका. आधी नक्कल करा आणि नकलेवरच प्रयोग करा.

२. ‘फाईल सापडत नाही’ असे सूची म्हणत असेल, तर बहुधा फाईलची जागा किंवा नाव बदललेले असते. सूचीला नवा पत्ता द्या.

३. फाईलचे बाइट दाखवणारी आज्ञावली मिळाल्यास पहिले दोन बाइट पाहा. जेपेग फाईलमध्ये ते २५५ आणि २१६ असतात. ते वेगळे असतील, तर फाईल दुसऱ्याच प्रकारची असून नाव चुकीचे असू शकेल. चित्राच्या शेवटी २५५ आणि २१७ ही खूण असते. ती नसेल, तर फाईल अपुरी असण्याचा संभव आहे.

४. जुन्या प्रती शोधा. बिघडलेली फाईल चांगल्या प्रतीवर कधीही उतरवू नका. हरवलेले अंक कोणतीही दुरुस्ती परत आणू शकत नाही. आजोबांचा एकुलता एक फोटो वाचतो तो दुसऱ्या प्रतीमुळेच.

आता तुम्ही करून पाहा: वरील १००११०१० मधील तिसरा अंक बदला. अक्षरे किती उरली? चित्र आता कोणत्या बाजूला सरकेल?