विकत घेतले, पण आपले झाले काय?

तुरीचे पोते तोलून दिले, पैसे चुकते झाले, की त्या पोत्यावर विकणाराचा हक्क उरत नाही. घेणाराने ती तूर भरडावी, पुन्हा विकावी अथवा दान करावी. 1930 च्या मालविक्री कायद्याचे सारही हेच : विक्री म्हणजे किंमत घेऊन मालकी देणे. हुमनाबादच्या बाजारपेठेत हे कोणास शिकवावे लागत नाही. परंतु आज घरात पुस्तके, गाणी व चित्रपट आणि पेढीवर हिशेबाचे सॉफ्टवेअर डिजिटल रूपाने येते, आणि तेथेही ‘खरेदी करा’ हेच शब्द असतात. या खरेदीने नेमके काय पदरात पडते, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम छापील पुस्तक घेऊ. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने प्रती काढण्याचा हक्क हक्कधारकाकडे राहतो. पण एकदा विकलेली प्रत पुन्हा विकण्यास तो कायदा आड येत नाही. जुन्या पुस्तकांचा व्यापार याच तत्त्वावर चालतो. डिजिटल पुस्तकाची गोष्ट निराळी. ते दुसऱ्यास पाठविणे म्हणजे नवी प्रत करणे होय, आणि तो हक्क तर आपण घेतलेलाच नसतो. शिवाय ज्या अटींना आपण न वाचता मान्यता देतो, त्यांत बहुधा हा केवळ वापराचा परवाना असून तो दुसऱ्यास देता येणार नाही, असे लिहिलेले असते. नाव खरेदीखताचे, मजकूर भाडेपट्ट्याचा! वडिलांच्या कपाटातील ग्रंथ मुलांकडे येतात. त्यांच्या खात्यातील ग्रंथ येतीलच, अशी शाश्वती नाही.

हे भय काल्पनिक नव्हे. जुलै 2009 मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतली. ती विक्रीस ठेवणाराजवळ हक्क नव्हते हे खरे, आणि पैसेही परत मिळाले. परंतु विकलेले पोते रात्री ग्राहकाच्या वखारीतून उचलून आणून सकाळी पैसे परत करणाऱ्या व्यापाऱ्यास आपण काय म्हणू? कंपनीच्या प्रमुखांना पुढे जाहीर क्षमा मागावी लागली. मायक्रोसॉफ्टने 2019 साली आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हाही पैसे परत आले, पुस्तके गेली.

मग ग्राहकाजवळ काहीच उरत नाही काय? उरते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने तबकडीवर विकलेले तयार सॉफ्टवेअर विक्रीकरासाठी ‘माल’च ठरविले. कॉपीराइट कायद्याचे 52 वे कलम कायदेशीरपणे घेतलेल्या संगणक-प्रोग्रॅमची राखीव प्रत करू देते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अन्यायकारक करारांविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते, आणि 2020 चे ई-वाणिज्य नियम डिजिटल वस्तूंनाही लागू आहेत. कॅलिफोर्निया राज्यात तर 1 जानेवारी 2025 पासून, परवाना देत असताना तसे स्पष्ट न सांगता ‘खरेदी’ हा शब्द वापरण्यास मनाई आहे.

यावरून व्यापारी बंधूंनी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली, पेढीचे हिशेब केवळ परवान्याच्या भरवशावर ठेवू नयेत. वर्षअखेर खतावणी छापून घ्यावी व माहितीची निराळी प्रत आपल्या ताब्यात ठेवावी. परवाना संपला तरी हिशेब आपलाच आहे. दुसरी, ग्राहकास आपण जे देतो त्याचे खरे नाव सांगावे. मापात खोट असणे जसे लाजिरवाणे, तसेच शब्दात खोट असणेही होय.