तळाचा नौसैनिक

१९७१ च्या डिसेंबरात युद्ध पेटले, तेव्हा आपली विमानवाहू युद्धनौका 'विक्रांत' बंगालच्या उपसागरात होती. तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला. त्यामुळे वेग मंदावलेला. आखूड डेकवरून विमान पुढे फेकणारे यंत्र वाफेवर चाले आणि नौकाही वाफेवरच! ती वाफ राखणारे नौसैनिक अगदी तळाशी, जेथे दिवस-रात्र सारखीच, तेथे घामाने निथळत उभे असत. चार तासांची पाळी संपली, की जेवावे, जमेल तेवढे निजावे; इशारा होताच पुन्हा धावावे. ४ डिसेंबरला 'सी हॉक' विमाने पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बझारवर झेपावली. मुलांनो, तळाच्या नौसैनिकाला त्यांतले एकही दिसले नाही. त्याची दृष्टी वाफेचा दाब दाखविणाऱ्या काट्यावर खिळली होती.