फिरते घर आणि स्थिर उपग्रह

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी अंधेरीला माझ्या घरी आला. मोठ्या व्हॅनमध्ये पलंग, ओटा, पंखे, दिवे बसवून तिचे 'फिरते घर' करून देणे हा त्याचा व्यवसाय. अंधेरी-गोरेगावच्या चित्रीकरणासाठी लागणाऱ्या व्हॅनिटी व्हॅन त्याने पुष्कळ सजवल्या होत्या. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यानंतर सहलीच्या गाड्यांची कामेही त्याच्याकडे येऊ लागली. त्या दिवशी मात्र त्याचा चेहरा उतरलेला होता.

"सर, गाडीच्या टपावर साठ सेंटिमीटरची डिश बोल्टने पक्की बसवली. आमच्या आवारात चित्र अगदी स्वच्छ! गिऱ्हाईक आजी-आजोबांना घेऊन मालवणला गेले, तर तिथे पडदा कोरा. माझे उरलेले पैसे त्यांनी अडवून ठेवलेत. आता पदरमोड करून नव्वद सेंटिमीटरची डिश घालतो, म्हणजे लांबूनही सिग्नल पकडेल."

मी म्हटले, "थांब. मोठी डिश घातलीस तर दुखणे वाढेल."

असे मी का म्हटले, ते आज पाहू या.

लांब म्हणजे कोणापासून लांब?

'लांबून' या शब्दातच त्याची चूक होती, आणि ती चूक जुन्या अनुभवातून आलेली होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीहून येणाऱ्या चित्रलहरींची वारंवारता सुमारे ६२ मेगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे ४.८ मीटर होती. म्हणून घरावरच्या अँटेनाची मुख्य दांडी तिच्या निम्मी, सुमारे २.४ मीटर लांब लागे. अंधेरीतल्या गच्च्यांवरचे हे माशाच्या काट्यांसारखे सांगाडे सगळे दक्षिणेकडे, वरळीच्या रोखाने उभे असत. वरळीपासून दूर जावे तसे चित्र फिके होई. मध्ये सह्याद्री आल्यामुळे पुण्यासाठी १९७३ मध्ये सिंहगडावर वेगळे केंद्र उभारावे लागले. तिथे 'लांब' या शब्दाला अर्थ होता. अशी जुन्या पद्धतीची जवळजवळ सर्व केंद्रे दूरदर्शनने २०२२ पर्यंत बंद केली.

डिशचा प्रक्षेपक मात्र आकाशात आहे. दूरदर्शनची 'फ्री डिश' सेवा ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून मिळते, तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला गेला. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर तो असतो. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याच्या वेगाशी त्याचा वेग जुळलेला असल्यामुळे आपल्याला तो आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा असतो. म्हणूनच त्याला भूस्थिर उपग्रह म्हणतात.

आता गंमत पाहा. अंधेरीपासून या उपग्रहाचे अंतर सुमारे ३६,६५० किलोमीटर, तर मालवणपासून सुमारे ३६,५१० किलोमीटर आहे. म्हणजे मालवणला जाताना गाडी उपग्रहापासून लांब गेलीच नाही, उलट १४० किलोमीटर जवळ आली! तेव्हा दोष अंतराचा नव्हे, दिशेचा आहे.

डिशची नजर किती रुंद?

डिशचा आकार अन्वस्ताचा असतो. एका ठरावीक दिशेने आलेल्या समांतर लहरी तिच्यावर आपटून नाभीपाशी गोळा होतात. तिथे 'एलएनबी' नावाचा छोटा ग्राहक त्या टिपतो. तिरप्या लहरी नाभी चुकवून बाजूला पडतात. डिशला किती अंशांच्या कोनातले 'दिसते', याचा साधारण हिशेब असा :

कोन (अंशांत) = ७० × तरंगलांबी ÷ डिशचा व्यास

या लहरींची वारंवारता सुमारे ११ गिगाहर्ट्झ आहे, म्हणजे तरंगलांबी सुमारे २.७ सेंटिमीटर. व्यास ६० सेंटिमीटर घेतला तर कोन येतो सुमारे ३ अंश. म्हणजे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना जेमतेम दीड अंश. व्यास ९० केला तर कोन २ अंशांवर येतो. मोठी डिश ऊर्जा जास्त गोळा करते हे खरे, पण तिची नजर अधिक अरुंद होते. नेम चुकलेल्या माणसाने आणखी बारीक भोकातून पाहावे, तसा हा उपाय झाला असता.

नेम कुठे धरायचा?

आकाशातली जागा सांगायला दोन कोन लागतात. क्षितिजावरची दिशा सांगणारा दिगंश (येथे आपण तो दक्षिणेपासून पूर्वेकडे मोजू) आणि क्षितिजापासूनची उंची सांगणारा उन्नतांश. अंधेरीचा अक्षांश १९.१२ आणि रेखांश ७२.८५ धरू. उपग्रहाच्या आणि अंधेरीच्या रेखांशांतील फरक ९३.५ − ७२.८५ = २०.६५ अंश.

टॅन (दिगंश) = टॅन २०.६५ ÷ साइन १९.१२ = ०.३७७ ÷ ०.३२८ = १.१५

म्हणून दिगंश ४९ अंश, म्हणजे जवळजवळ आग्नेय दिशा. उन्नतांशासाठी आधी एक मधला कोन 'म' काढू. पृथ्वीच्या केंद्रापासून आपल्याकडे आणि उपग्रहाकडे काढलेल्या रेषांमधला तो कोन.

कॉस म = कॉस १९.१२ × कॉस २०.६५ = ०.८८४
साइन म = ०.४६७
टॅन (उन्नतांश) = (कॉस म − ०.१५१) ÷ साइन म = १.५७

उन्नतांश आला साडेसत्तावन्न अंश. सूत्रातला ०.१५१ हा आकडा म्हणजे पृथ्वीची त्रिज्या (६,३७८ किमी) भागिले उपग्रहाच्या कक्षेची त्रिज्या (४२,१६४ किमी). शिक्षकांनी हे गणित दहावीच्या वर्गात फळ्यावर जरूर करून घ्यावे. इतर गावांची उत्तरे अशी :

पुणे : दिगंश ४८, उन्नतांश ५८.८
मालवण : दिगंश ५३, उन्नतांश ६०.२
नागपूर : दिगंश ३५.५, उन्नतांश ६०.३

अंधेरीत लावलेली डिश तशीच पुण्याला नेली, आणि गाडी त्याच दिशेला तोंड करून सपाट जागी उभी केली, तर चित्र कसेबसे टिकेल. मालवणला टिकणार नाही. पण यापेक्षाही मोठा घोटाळा आवारातल्या आवारात होतो. गाडी नुसती १० अंश वळली, तर ५७.५ अंश उंचीवर डिशची नजर १० × कॉस ५७.५, म्हणजे सुमारे ५.४ अंश सरकते. दीड अंशाच्या पुढे सगळा अंधार! गाडीचे एक चाक उंचवट्यावर जाऊन टप दोन-तीन अंश कलला तरी तेच. थोडक्यात, गाडी किती किलोमीटर गेली यापेक्षा ती कोणत्या दिशेला तोंड करून आणि किती सपाट उभी आहे, याला महत्त्व आहे.

मग उपाय काय?

माझ्या विद्यार्थ्याने डिश बदलली नाही, तिची बैठक बदलली. आडवी फिरणारी आणि वर-खाली होणारी, दोन्हींवर अंशांच्या खुणा असलेली. मुक्कामी पोचल्यावर करायचे काम त्याने दाराच्या आतल्या बाजूला लिहून लावले आहे :

१. पाणसळ ठेवून गाडी सपाट करा.

२. होकायंत्र गाडीपासून दहा-बारा पावले दूर जाऊन पाहा. गाडीचे लोखंड सुईला फसवते. (मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हणून कुलाब्याची भूचुंबकीय वेधशाळा १९०४ च्या सुमारास अलिबागला न्यावी लागली होती, हे आठवा.) सुदैवाने आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही.

३. आग्नेयेला झाड किंवा इमारत आड येते का ते पाहा. अंधेरीत १० मीटर दूर असलेली इमारत डिशपेक्षा १५.७ मीटरहून उंच असेल, तर जागा बदला.

४. उन्नतांश खुणेवर लावा, डोळ्यांच्या अंदाजाने नको. बाजारातली डिश बहुधा अन्वस्ताच्या एका बाजूचा तुकडा असते. त्यामुळे ती पाहते त्यापेक्षा वीसएक अंश खाली पाहत असल्यासारखी वाटते.

५. आता डिश आडवी अगदी सावकाश फिरवा. एकेक अंशावर दोन-तीन सेकंद थांबा. चित्र मिळाले की एलएनबी किंचित पिळून सिग्नलचा आकडा जास्तीत जास्त करा.

६. वर विजेच्या तारा असतील किंवा आकाशात विजा चमकत असतील, तर टपावर चढू नका. निघण्यापूर्वी डिश खाली पाडून बांधा.

चालत्या गाडीत चित्र हवे, तर स्वतःहून उपग्रहाचा माग काढणारी अँटेना लागते. ती असते, पण महाग. आणि मुसळधार पावसात चित्र गेले, तर डिशला हात लावू नका. या लहान लहरी पावसाचे थेंब शोषून घेतात. सर ओसरली की चित्र आपोआप येते.

गिऱ्हाइकाच्या आजोबांनी पुढच्या मुक्कामी स्वतःच होकायंत्र हातात घेतले, असे तो सांगत होता. अडलेले पैसेही मिळाले.

करून पाहा

१२ मार्चच्या सुमारास सकाळी सव्वाअकराला आणि १ ऑक्टोबरच्या सुमारास अकराला आठ-दहा मिनिटे कमी असताना, मुंबईहून पाहता सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. सूर्यही रेडिओलहरी फेकतो, त्यामुळे त्या दिवसांत काही मिनिटे चित्र बिघडते. त्या वेळी सूर्याकडे मुळीच पाहू नका, जमिनीकडे पाहा. जिथे ऊन आहे, तिथून उपग्रह दिसतो. जिथे सावली आहे, तिथे डिश लावून उपयोग नाही. आपल्या गच्चीचा किंवा शाळेच्या पटांगणाचा असा 'उपग्रह-नकाशा' खडूने आखा, आणि शेजारच्या डिश कुणीकडे तोंड करून आहेत तेही त्याच वेळी टिपून ठेवा.