ओवीला काय शिकवशील?

चि. मीनल,

"ओवी लहान आहे, तिला आतापासून कशाला घाबरवायचं?" असं तू परवा फोनवर म्हणालीस. मला ते पटलं नाही. शाळा सुटल्यापासून तू येईपर्यंत घरात नऊ वर्षांची ओवी आणि मधुमेह असलेले नाना, दोघंच असतात. काय करायचं ते माहीत नसलं की मूल जास्त घाबरतं.

आधी फोन. नानांचा मोबाइल लॉक असला तरी त्याच स्क्रीनवरच्या 'इमर्जन्सी' बटणावरून मदतीचा 112 लागतो. ते बटण तिला दाखव; गंमत म्हणून लावू मात्र नका, तिकडे खरी माणसं बसलेली असतात. रुग्णवाहिकेसाठी 108. महाराष्ट्रात ही सेवा 2014 पासून मोफत आहे, गाडीत डॉक्टरही असतो. पण ती येणार कुठे? ओवीला पत्ता विचारून बघ. "आमच्या बिल्डिंगमध्ये" म्हणेल, आणि नानांचं नाव "नाना"! सोसायटी, विंग, मजला, जवळची खूण, नानांचं पूर्ण नाव, सगळं घडाघडा म्हणवून घे. पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही, हेही.

साखर उतरली की नानांना दरदरून घाम फुटतो, हात कापतात, उगाच चिडतात. ओवीला वाटेल, आजोबा रागावले. तो राग नव्हे, हे तिला आधीच सांग. शुद्धीवर असतील, नीट गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची. साखरेचा डबा तिचा हात पोचेल अशा फळीवर ठेव. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. (आपल्याकडे मोठ्यांनाच ही हौस फार!) लगेच 108 लावायचा आणि शेजारच्या काकूंना हाक मारायची.

गॅसचा वास आला तर दिवा, पंखा, बेल, कशाच्याच बटणाला हात नाही. नानांना घेऊन सरळ बाहेर. गॅसगळतीच्या 1906 वर फोन मोठी माणसं करतील, तोही बाहेरून.

आणि "नानांना तुझ्यावर सोपवून जातेय हं" हे वाक्य घरातून बंद कर. सांगितलंय तेवढं करणं, हाक मारणं आणि फोन करणं, एवढंच तिचं काम. उद्या काही बरंवाईट झालंच, तर त्याचं ओझं पोरीने जन्मभर वाहायला नको.

काकूंशी आधी बोलून ठेव. येत्या रविवारी नानांनाच पेशंट करून एकदा सगळं करून बघा. त्यांना नाटकात काम करायची हौस आहेच.

तुझी,
सुमनमावशी