मुलीने स्ट्रायकर व्हायचे म्हटले तर

दहावीचा निकाल हाती पडल्यानंतरच्या पंधरवड्यात रायपूरच्या मराठी घरांतून, मग ते घर तात्यापाऱ्यातील असो की चौबे कॉलनीतील, जी खलबते चालतात, त्यांत वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि लोकसेवा आयोग या तीन वाटांवाचून चौथ्या वाटेची दखल सहसा घेतली जात नाही. आणि अशा वेळी बऱ्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्या एखाद्या मुलीने 'मला फुटबॉल खेळायचा आहे, आणि तोही आघाडीच्या फळीत' असे स्पष्ट सांगितले, म्हणजे आईच्या मुद्रेवर चिंता उमटते आणि वडील भिलाईच्या शिकवणीवर्गाचे माहितीपत्रक पुन्हा पुढे सरकवतात. ही चिंता अज्ञानातून येते असे मी मुळीच मानत नाही. मुलीच्या आयुष्याची दहा वर्षे ज्या गोष्टीवर लावायची, तिच्यातून पुढे गुजराण होणार की नाही, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. फक्त त्या प्रश्नाचे उत्तर ऐकीव भयावर न सोपवता प्रत्यक्ष उदाहरणांच्या कसोटीवर घासून पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

पहिले उदाहरण घरापासून फार दूर नाही. बालोद जिल्ह्यातील किरण पिस्दा ही मुलगी छत्तीसगढच्या मैदानांवर खेळत खेळत भारताच्या वरिष्ठ संघात पोहोचली, आणि पुढे क्रोएशियातील दिनामो झाग्रेब या क्लबकडूनही खेळली. ज्या राज्यात फुटबॉलची म्हणावी तशी परंपरा नाही असे आपण गृहीत धरतो, त्याच राज्याच्या नारायणपूर गावी रामकृष्ण मिशनच्या मैदानावर अलीकडे राष्ट्रीय स्पर्धांचे सामने होऊ लागले आहेत. शेजारच्या झारखंडातील गुमला जिल्ह्याच्या अस्तम उरांव हिने तर 2022 साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात देशाचे कर्णधारपद भूषविले. तेव्हा 'आपल्याकडे हे होत नाही' हा आक्षेप टिकण्यासारखा नाही. 'होते, पण त्यातून पोट भरते का?' हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी मणिपूरच्या बाला देवीचे चरित्र बारकाईने वाचले पाहिजे.

नगांगोम बाला देवी हिचा जन्म 1990 सालचा, मणिपूरमधील बिष्णुपूर जिल्ह्यातला. 2005 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ती भारताच्या वरिष्ठ संघातून खेळली. जानेवारी 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबने तिच्याशी अठरा महिन्यांचा करारनामा केला, तेव्हा परदेशात व्यावसायिक करार मिळविणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू म्हणून गौरविली गेली. त्याच वर्षी 6 डिसेंबरला मदरवेलविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून तिने रेंजर्ससाठी आपला पहिला गोल केला. मग गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने तिला दीर्घकाळ मैदानाबाहेर बसविले. तिशी उलटलेल्या आघाडीवीराला अशा दुखापतीनंतर पुन्हा बोलावणे येत नाही, असेच पुष्कळांना वाटले असेल. परंतु ऑक्टोबर 2024 मध्ये काठमांडू येथे, पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी तिने आपला पन्नासावा आंतरराष्ट्रीय गोल नोंदविला, आणि भारतीय महिलांत हा टप्पा गाठणारी ती पहिली ठरली.

या चरित्रातील ज्या गोष्टीकडे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांचे लक्ष जात नाही, ती पालकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे: बाला देवी मणिपूर पोलीस दलाच्या नोकरीत होती. रेंजर्सचा करार अठरा महिन्यांचा होता. त्याच्या आधीची जी दीर्घ वर्षे तिने जिल्हा, राज्य आणि देश यांच्यासाठी गोल करण्यात घालविली, त्या वर्षांत महिन्याच्या महिन्याला घरी येणारा पगार पोलीस खात्याचा होता, आणि मणिपूर पोलिसांच्या संघाकडूनही ती भारतीय महिला लीगमध्ये उतरली. आपल्याकडे नोकरी आणि खेळ हे परस्परांचे वैरी मानण्याची पद्धत आहे. बाला देवीच्या बाबतीत नोकरीनेच खेळ जगविला; ती नसती तर तिशीपर्यंत, दुखापतीनंतर तर नक्कीच, बूट खुंटीवर टांगण्याची पाळी आली असती असे मला वाटते. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील संगीता बासफोर हिचेही असेच आहे. 5 जुलै 2025 रोजी थायलंडमधील चिआंग माई येथे यजमान संघाविरुद्ध दोन्ही गोल करून जिने भारताला 2-1 असा विजय आणि 2026 च्या आशियाई चषकाचे प्रवेशपत्र मिळवून दिले, ती संगीता सशस्त्र सीमा बलात नोकरीला आहे.

म्हणून रायपूरच्या पालकांनी क्लबांच्या झगमगाटाआधी खात्यांच्या भरतीकडे पाहावे. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे मुख्यालय बिलासपूरला, म्हणजे आपल्यापासून गाडीने दोन-अडीच तासांवर आहे. रेल्वेच्या क्रीडा कोट्याच्या जाहिराती निघतात, त्यांत खेळ, स्थान आणि अपेक्षित कामगिरी यांचा स्पष्ट उल्लेख असतो. निमलष्करी दले आणि राज्यांची पोलीस खाती यांचीही तजवीज असते, आणि राज्य शासन 'उत्कृष्ट खेळाडू' म्हणून ज्यांची नोंद करते, त्यांना शासकीय सेवेचा मार्ग खुला होतो. या सर्वांना एकच गोष्ट लागते: राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्याची प्रमाणपत्रे. महिलांच्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेचा करंडक आज राजमाता जिजाबाईंच्या नावाने दिला जातो. त्या स्पर्धेत छत्तीसगढच्या संघात मुलीला जागा मिळाली, तर तो नुसता सन्मान नसून उद्याच्या अर्जाला जोडावयाचा दस्तऐवज असतो.

क्लबांच्या पैशाविषयी अवास्तव कल्पना नको, तशी तुच्छताही नको. 2017 च्या जानेवारीत सुरू झालेल्या भारतीय महिला लीगमध्ये प्रारंभी मुलींना मिळणारे मानधन अत्यंत तुटपुंजे होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पुढे प्रत्येक क्लबाने किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान 3 लाख 20 हजार रुपयांचे करार द्यावेत असे ठरविले. ही रक्कम संसाराला पुरेशी नाही, पण जिथे काहीच निश्चित नव्हते तिथे काही निश्चित झाले. याच लीगमधून नेपाळच्या लामजुंग जिल्ह्यातील सबित्रा भंडारी ही स्ट्रायकर तमिळनाडूच्या सेतू संघासाठी व नंतर गोकुलम केरळसाठी गोल करीत करीत इस्राएल आणि फ्रान्समधील क्लबांपर्यंत पोहोचली. अशी झेप शेकड्यांत एखादीच घेते. तिच्यावर घराचे अंदाजपत्रक बेतू नये.

आता मुलीच्या अंगी खरोखर ते गुण आहेत की नाही, हे कसे ओळखावे? पुष्कळ पालक गोलांची संख्या मोजतात, आणि शाळेच्या सामन्यात पाच गोल झाले की हुरळून जातात. परंतु तेराव्या-चौदाव्या वर्षी इतरांपेक्षा उंच आणि वेगवान असलेली कोणतीही मुलगी असे गोल करू शकते, आणि दोन वर्षांनी इतर मुली उंच झाल्या की तिचे गोल आटतात. रायपूरच्या कोटा भागातील स्वामी विवेकानंद स्टेडियमवर किंवा आपल्या वस्तीच्या मैदानावर एखाद्या सकाळी जाऊन मुलीकडे नव्हे, तर तिच्या मानेकडे पाहा. चेंडू तिच्याकडे येण्यापूर्वी ती एकदा, शक्य तर दोनदा, खांद्यावरून मागे वळून पाहते का? पाठीशी बचावपटू रेटत असताना चेंडू पहिल्या स्पर्शातच ज्या बाजूला मोकळी जागा आहे त्या बाजूला घेते, की पायात अडवून मग विचार करते? डाव्या पायाने मारावयाची वेळ आली तर उजव्या पायावर चेंडू आणण्यासाठी क्षण दवडते का? आणि फटका चुकल्यावर, मान खाली न घालता, पुढच्या चेंडूसाठी पुन्हा तीच धाव घेते का? या शेवटच्या प्रश्नाला मी सर्वाधिक वजन देतो, कारण नामांकित स्ट्रायकरही जितके फटके मारते त्यांतील बहुतेक वाया जातात, आणि जिला हे वाया जाणे सोसत नाही तिने मध्यफळीत खेळावे हे तिच्या हिताचे.

शरीराची काळजी हा विषय आपल्या घरांत संकोचाने टाळला जातो, आणि त्याची किंमत मुली मोजतात. गुडघ्याच्या आतील आधारबंध तुटण्याचे प्रमाण मुलींत मुलांपेक्षा बरेच अधिक आहे. उडी मारून उतरताना गुडघे आत न वळू देण्याचा सराव, मांड्यांचे व्यायाम आणि खेळापूर्वी अंग तापविण्याची पद्धतशीर कवायत यांनी तो धोका बराच घटतो, हे आता सिद्ध झालेले आहे. मुलीच्या प्रशिक्षकाला याविषयी विचारा. वर्षातून एकदा रक्तातील लोहाचे प्रमाण तपासून घ्या, पाळी अनियमित झाली तर ती खेळाची खूण न मानता डॉक्टरांना दाखवा, आणि रायपूरच्या मे महिन्यात सकाळी सातनंतर कठीण जमिनीवर धावण्याचा आग्रह कोणी धरत असेल तर त्याला नम्रपणे नकार द्या.

शिक्षण सोडण्याचा प्रश्नच उपस्थित होऊ नये. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये सर्वाधिक, म्हणजे 190 गोल करणारी कॅनडाची क्रिस्टिन सिंक्लेअर ही पोर्टलंड विद्यापीठाची विद्यार्थिनी. 158 गोलांची मिया हॅम ही नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची. आपल्याकडे विद्यापीठीय संघ हीसुद्धा राष्ट्रीय पातळीची एक पायरी आहे, आणि पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचा विभाग आहे. विज्ञान शाखाच हवी असा हट्ट मात्र सोडावा. दिवसाचे दोन सराव आणि प्रवेशपरीक्षेचा शिकवणीवर्ग एकत्र चालत नाहीत, आणि दोन्हीकडे अर्धवट राहिलेली मुलगी पुढे स्वतःलाच दोष देते.

स्ट्रायकर होण्याचे स्वप्न अपुरे राहिले तरी मैदान सुटत नाही, याचा दाखला आपल्याच भाषेच्या मुलुखात आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्याच्या बेकनाळ गावच्या अंजू तुरंबेकर यांनी आशियाई महासंघाचा 'अ' दर्जाचा प्रशिक्षक परवाना मिळविला आणि राष्ट्रीय महासंघात तळागाळातील फुटबॉलची जबाबदारी सांभाळली. गोव्याच्या मेमॉल रॉकी खेळाडूपणानंतर भारतीय महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या, आणि गोव्याच्याच युवेना फर्नांडिस यांनी साहाय्यक पंच म्हणून आंतरराष्ट्रीय सामन्यांत काम केले. प्रशिक्षकांचे परवाने 'ड' श्रेणीपासून सुरू होतात, आणि खेळत असतानाच ते घेण्यास प्रत्यवाय नाही. फिजिओथेरपीची पदवी घेतलेल्या माजी खेळाडूची गरज तर आज प्रत्येक अकादमीला आहे.

एक दप्तरी गोष्ट राहिली, आणि तिच्यापायी चांगल्या मुली निवडचाचणीच्या दारातून परतल्याचे मी पाहिले आहे. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला आणि आधारपत्र या तिन्हींवर मुलीचे नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकसारखी असली पाहिजे. वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाच्या हाडांची तपासणीही होते, त्यामुळे वय कमी लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. नावाच्या शुद्धलेखनातील फरक महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात दुरुस्त करून घेण्यास काही आठवडे लागतात. तो अर्ज निवडचाचणीची तारीख जाहीर होण्याची वाट न पाहता, शाळेला सुटी आहे तोवरच देऊन टाकावा, आणि त्याची पोच जपून ठेवावी.